विंगेतून

"मी अडले तर हळूच वाक्य सांग हं धाकटे, तुझ्याच भरवशावर उभी राहतेय," प्रत्येक प्रयोगाआधी ताई म्हणायची, आणि मी "सांगेन" म्हणायची. मी विंगेत वही धरून बसायची. तिची भूमिका मला हवी होती, हे मात्र कधी बोलले नाही.

एका प्रयोगात ती ऐन तिसऱ्या अंकात अडली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझं बोट त्याच वाक्यावर होतं, तरी मी ओठ मिटून बसले. प्रेक्षक हसले. ताईनं नाटक सोडलं, माझ्याशी बोलणंही सोडलं.

त्याला अठरा वर्षं झाली. रोज प्रयोगाच्या वेळेला मी तासभर मौन पाळते.

आज मौनातच भाचीचा फोन घेतला. तिला माझा नेम ठाऊक आहे.

"मावशी, बोलू नकोस, नुसती ऐक. आई सगळं विसरत चाललीय. मगाशी माझं नाव आठवेना. मी सांगायला गेले, तर म्हणते, 'तू नको सांगूस. धाकटी आहे ना विंगेत, ती सांगेल.'"



"सांग तिला, आहे मी," म्हणत मी मौन मोडलं आणि चपला घातल्या.