दालन क्रमांक चारमधलं विरजण

सूक्ष्मजीव संग्रहालयात सगळ्यांत मोठी रांग दह्यासमोर असे. घरं आणि पोटं निर्जंतुक करण्याचा कायदा झाल्यापासून देशात जिवंत विरजण उरलं होतं ते एवढंच, काचेच्या पेटीतल्या वाडग्यात. खाली पाटी होती : ‘दान – श्रीमती मंदाकिनी टिल्लू.’ खरं तर ती जप्ती होती. पण पाटीवर तेवढी जागा नव्हती म्हणे.

वर्धापनदिनी त्या विरजणाला दूध घालण्याचा मान मंदाकिनीबाईंना मिळाला. पेटी उघडली. बाईंनी दूध घातलं, चमचाभर दही तळहातावर घेतलं आणि तीर्थासारखं पिऊन टाकलं. ओला हात डोक्यावरून फिरवला.

संचालक डॉ. हर्डीकरांचा चेहरा पडला. “अहो बाई, जिवंत नमुना इमारतीबाहेर नेता येत नाही! आता तो तुमच्या पोटात आहे. तुम्हाला घरी सोडता येणार नाही.”

“मग मलाही पाटी लावा. आणि या वेळी ‘जप्त’ असंच लिहा.”

“हा राष्ट्रीय ठेवा आहे हो!”

“माझ्या सासूबाईंचं विरजण आहे ते. दारात वाटी घेऊन आलेल्या कुणालाही आम्ही कधी नाही म्हटलं नाही.” बाई चमचा घेऊन रांगेकडे वळल्या. “बोला, कुणाला हवंय?”

मग सर्वांत पुढच्या गृहस्थांनी डॉक्टरांची नजर चुकवत उजवा तळहात पुढे केला. त्यांच्यामागे चाळीस तळहात पुढे आले.

संग्रहालयात कोऱ्या पाट्या बाराच होत्या.