मोरनीचा चौथा पाय

गोजरबाईनं तिसऱ्यांदा मोरनी घोडीच्या पायाला हात लावला आणि घोडीनं तिसऱ्यांदा तो जमिनीत रोवून धरला.

"डाव्या अंगानं हुबी ऱ्हा," खिडकीतून महिपती, तिचा नवरा, ओरडला. "खांद्यापाशी. एकदम मागं जाऊ नगंस. हात अंगावरनं काढू नगंस, वरनं खाली घसरत आण."

"तसंच करतीया की."

महिपती आत बाजेवर पडून होता. कुंभारीच्या उतारावर टांगा खड्ड्यात गेला, तेव्हापासून त्याचा पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला. नुसतं तोंड चालत होतं, आणि ते काही केल्या थांबत नव्हतं. आज ठेसनावर सगळ्या टांग्यांची तपासणी होती. मोरनीच्या मागच्या उजव्या खुरात खडा रुतला होता. लंगडी घोडी दिसली की साहेब परवान्याचा बिल्ला काढून घेणार, आणि बिल्ला गेला की टांगा म्हणजे नुसती चाकं लावलेली बाज.

टांगा हाकून न्यायला शेजारचा टांगेवाला इमामसाब, आपला टांगा आधीच ठेसनावर लावून, आला होता. तो भिंतीला पाठ लावून, मोरनीच्या दातांपासून बेतानं लांब उभा होता. सोलापुरात मोरनी कुणाकुणाला चावली हे मोजण्यापेक्षा कुणाला चावली नाही ते आठवणं सोपं. एकदा तिनं वरातीतल्या नवरदेवाच्या मुंडावळ्या खाल्ल्या, तर त्या गल्लीत पुढं सालभर कुणी लग्नच काढलं नाही. गोजरबाईला ती चावत नसे, कारण चंदीचा दाणा तिच्या हातचा. पण खरारा आणि खुरं हे महिपतीचं काम. पहाटे तबेल्याचं दार आतून लोटून घेऊन तो ते एकटाच करायचा.

गिरणीचा भोंगा झाला. इमामसाबनं टोपी काढली, परत घातली.

"महिपती, वहिनीला मंतर सांग की."

"कसला मंतर? काय मंतरबिंतर न्हाय."

"मंग मी सांगतो."

आत बाज करकरली.

"वहिनी, ह्यो गडी रोज पहाटे घोडीला तुमची गाऱ्हाणी सांगतो. आमची भिंत तबेल्याला लागून, समदं ऐकू येतंय. एक गाऱ्हाणं झालं की ती एक पाय देती. फुडचं दोन आदी, मंग मागचं. सवयच लावलीया तिला."

गोजरबाईनं पदर खोचला. खिडकीकडं न बघता म्हणाली, "सांगा मंग. उशीर व्हतोय."

महिपती खाकरला. "गोजरीचं कालवण... लई झ्याक असतंय."

मोरनीनं कान मागं पाडले.

"खरं बोल रं," इमामसाब म्हणाला. "तिला खोटं चालत न्हाय."

"अळणी असतंय," महिपती पुटपुटला.

मोरनीनं पुढचा डावा पाय उचलून गोजरबाईच्या हातात दिला. तिनं खुरं साफ करायच्या लोखंडी आकडीनं खूर टाचेकडून पुढं खरवडलं. शेण-माती पडली. पाय खाली ठेवून ती उजव्या अंगाला गेली.

"फुडं."

"म्हणती, मी घोरतो. घोरती सोता."

दुसरा पाय आला. इमामसाबला हसू फुटलं. गोजरबाईनं मान वर करून बघितलं, तसं त्यानं ते टोपीच्या आड नेलं.

आता खड्याचा पाय. गोजरबाईनं पाठीवरनं हात फिरवत मागं नेला. मोरनीनं शेपूट झाडलं. महिपतीनं गोजरबाईच्या माहेरचं काढलं, भावाचं काढलं, मोडलेल्या कंदिलाचं काढलं. पाय हलेना.

"दुखरा पाय हाय त्यो," इमामसाब म्हणाला. "बारीकसारीक चालायचं न्हाय. त्ये रोज शेवटी म्हणतोस, त्ये म्हण."

"तू गप ऱ्हा."

दुसरा भोंगा झाला. रस्त्यानं टांगे ठेसनाकडं जाऊ लागले. घुंगरांचा आवाज ऐकून मोरनी जागच्या जागी चुळबुळली.

"समद्या सोलापुरानं माझ्या टांग्यात बूड टेकलं," आतून आवाज आला. ह्या खेपेला हळू. "वकील बसलं, तालमीतलं पैलवान बसलं. ही कवा बसली न्हाय. बाजाराला निघाली की डोईवर पाटी घिऊन माझ्या टांग्याच्या कडंनं चालत जाती. वळख दावत न्हाय. टांगेवाल्याची लाज वाटत आसंल."

मोरनीनं पाय उचलला.

गोजरबाईनं तो मांडीवर घेतला. खडा चिंचोक्याएवढा होता. आकडीनं एकदाच उचकटला आणि निघाला. तिनं तो टाकला नाही, मुठीत धरला.

इमामसाब भिंतीवरचा एक पोपडा नखानं काढू लागला.

"निघाला का?" महिपतीनं विचारलं.

"निघाला. एक पाय ऱ्हायलाय."

"आता माझ्याकडं काय न्हाय."

"माझ्याकडं हाय," गोजरबाई म्हणाली.

ती मोरनीच्या मानेशी गेली, टाचा उंचावल्या आणि तिच्या कानाला तोंड लावून बोलू लागली. भिंतीपाशी काही ऐकू येईना, खिडकीपाशी तर नाहीच.

"काय सांगतीस गं तिला?" बाज करकरली, परत करकरली. "मोठ्यानं सांग की."

"वहिनी, तपासणी..." इमामसाब म्हणाला, आणि दातांची भीती विसरून दोन पावलं पुढं आला. त्यालाही ऐकायचं होतं.

गोजरबाई बोलतच होती. मोरनीचा एक कान अजून खिडकीकडं होता. मग तिनं तोही फिरवला. चौथा पाय तिनं आपणहून उचलून धरला. तो हातात घ्यायला गोजरबाईला अजून सवड नव्हती.