ढकलायला कोण?

बाईंनी होता नव्हता तेवढा जोर लावून मागून ढकललं, कंपाउंडरनी क्लच सोडला, आणि त्या जुनाट मोटारसायकलनं दोनदा खोकून एकदम गळा काढला.

निवृत्त कंपाउंडर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळले आणि परत येऊन बाईंच्या फाटकाशी थांबले, उजव्या हातानं रेस देत. टाकीला गंज, दिव्याच्या जागी नुसती वाटी, सीटखालून लोंबणाऱ्या वायरी. निदान वर्षभराचं काम होतं, आणि त्यांना नेमकं तेच हवं होतं. बायको गेल्यापासून रविवार त्यांना खायला उठायचे. निवृत्त झाले आणि आठवड्याचे सातही वार रविवार झाले.

"घेतो, वहिनी."

"किकचं लक्षात आहे ना? ती गेली ती गेलीच. ह्यांनी चार शहरं पालथी घातली, पण तो भाग काही मिळाला नाही. रोज ढकलूनच सुरू करावी लागेल. घरी ढकलायला कोण आहे?"

"आहेत की," कंपाउंडर म्हणाले, आणि मनातल्या मनात माणसं शोधू लागले. मुलगी दुसऱ्या देशात. शेजारी जिन्यात भेटला तर मान हलवायचा, तीही घाईत. तीस वर्षं ज्यांना औषधं दिली, ते पेशंट बरे होऊन आपापल्या वाटेला लागले होते.

"कोणी नाही," त्यांनी शेवटी सांगून टाकलं.

"मग नका घेऊ." नवऱ्यामागे पडून राहिलेली ती गाडी बाईंना विकायची होती, तरी त्या म्हणाल्या. "एकट्याची गाडी नाही ही. ह्यांना मी पंधरा वर्षं ढकललं. सुरू झाली की हे भुर्रकन पुढे, आणि मी मागे चप्पल शोधत."

"मागे बसून कुठे गेलात की नाही?"

"बसणार कधी? थांबली की बंद पडायची." त्या हसल्या, पण हसू फार टिकलं नाही.

कंपाउंडरनी रेस कमी होऊ दिली नाही. डाव्या हातानं रुमाल काढून त्यांनी मागची सीट पुसली.

"बसा. मी थांबतो."

बाईंनी एकदा पुसलेल्या सीटकडे पाहिलं. मग 'आलेच' म्हणून आत गेल्या. कंपाउंडरचं मनगट भरून आलं. हात बदलायचीही सोय नव्हती. बाई बाहेर आल्या तेव्हा केस नीट विंचरलेले होते, पायात ठेवणीतल्या चपला होत्या आणि हातात पर्स. कंपाउंडरनी वळून पाहिलं. तेवढ्यात मनगट ढिलं पडलं आणि इंजिन बंद झालं.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"तरी सांगत होते," बाई म्हणाल्या आणि पर्स फाटकाला अडकवून मागे जाऊ लागल्या.

"राहू द्या ते." कंपाउंडर खाली उतरले, हँडल धरलं. "बसा तुम्ही."

"बंद गाडीवर?"

"बसा हो."

त्या बसल्या. कंपाउंडर वाकून ढकलू लागले. गाडी जड होती, पण हलली.

"घेतली मी," ते धापा टाकत म्हणाले. "पण ती राहील इथेच. काम करायला मीच येत जाईन."

बाईंनी पाठ ताठ केली. आपल्याला कोणी बघतंय का, म्हणून गल्लीतल्या एकेका खिडकीकडे त्यांनी मान वर करून पाहिलं. कोणीच बघत नव्हतं.