पिशवीतला श्वास

"मॅडम, तुमचं मशीन खोटं बोलतं," चावीवाला लॅबच्या काउंटरवर वाकून म्हणाला. ताठ उभं राहून म्हणणार होता, पण पोटाने परवानगी दिली नाही.

लॅबवालीने रिपोर्ट पाहिला. तपासणी साधी होती. औषधाचं पाणी प्यायचं, थोड्या वेळाने पिशवीत फुंकायचं. पोटात जंतू असले तर श्वासात पकडले जातात. याचा रिपोर्ट स्वच्छ होता.

"शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर येतं," ती म्हणाली. "आधीचे दोन आठवडे ॲसिडच्या गोळ्या बंद ठेवल्या होत्या ना? नाहीतर जंतू लपतात."

चावीवाल्याने खिशातून डोकावणारी गोळ्यांची पट्टी आत ढकलली. गोळ्या तो शेंगदाण्यांसारख्या खात होता. पण त्याने काही बिघडत नव्हतं, कारण फुंकायला तो आलाच नव्हता.

त्याचे वडील पोटाच्या दुखण्यानेच गेले होते, आणि सुरुवात याच जंतूंनी झाली होती. त्यामुळे डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली तसं त्याचं अवसान गळालं. त्याने आपल्या नावावर धाकट्या भावाला पाठवलं. धाकटा म्हणजे लोखंड पचवणारा गडी. हल्ली नवं हेल्मेट दिवसभर पोटाशी कवटाळून बसायचा, एवढाच काय तो त्याचा विचित्रपणा. जन्मभर डुप्लिकेट चाव्या बनवणाऱ्याला आपल्या जागी भाऊ पाठवण्यात काही वावगं वाटलं नाही. स्वच्छ रिपोर्ट बायकोने फ्रिजवर चिकटवला. तेव्हापासून हा 'आई गं' म्हणाला, की ती नुसतं फ्रिजकडे बोट दाखवायची.

आता मात्र दुखणं सोसवेना. मशीन चुकलं असं लॅबने कबूल केलं असतं, तर गुपचूप दुसरी तपासणी करता आली असती.

"पण काय फुंकलं होतंत हो त्या दिवशी!" लॅबवालीला आठवलं. "पिशवी फुटायचीच बाकी होती. 'पोहायला शिकवतो, दम आहे आपल्यात,' म्हणालात." मग तिने त्याला नीट न्याहाळलं. "मिशा काढल्यात का?"

धाकट्याला मिशा नव्हत्याच. मिशा होत्या त्याच्या दोस्ताला, तलावावरच्या पोहण्याच्या मास्तरला.

चावीवाला तसाच वाकलेला भावाच्या गॅरेजमध्ये शिरला. धाकटा स्टुलावर बसला होता. मांडीत हेल्मेट.

"सख्खा भाऊ ना तू? किडनी मागितली होती का रे? एक फुंकर मागितली होती! तीसुद्धा तू बाहेरून आणलीस?"

"मास्तर चांगला माणूस आहे, दादा."

"त्या चांगल्या माणसाचं पोट माझ्या फ्रिजवर लावलंय! घरात माझ्या दुखण्यावर कुणाचा विश्वास उरला नाही, आणि तू इथे हेल्मेट सांभाळत बसलायस. ठेव ते खाली!"

त्याने हेल्मेट हिसकावलं. ते फरशीवर आपटून एका स्कूटरखाली घरंगळत गेलं.

धाकट्याचा हात आपसूक पोटावर गेला. बरगड्यांच्या जरा खाली, मधोमध. चावीवाल्याचा हात सकाळपासून नेमका तिथेच होता.

"दादा," धाकटा म्हणाला, "मी फुंकलं असतं, तर मलाही कळलं असतं."