जोड्यांची तोंडं

ओकबुनचं घर ठेवायचं आणि मालिमचं पाडायचं, हे नकाशावर ठरून गेलं होतं. तरीही मालिम सकाळीच शेजारी जाऊन ओकबुनच्या ओसरीवर ठाण मांडून बसली. चूक काढायला.

खाण बंद होऊन वीस वर्षं झाली होती. आता कुठे प्रांताच्या कचेरीने मनावर घेतलं होतं. ओढ्याचं तांबडं पाणी गाळून घ्यायचं, कोळशाच्या काळ्या टेकाडावर माती टाकून झाडं लावायची, कामगारांच्या न्हाणीघरात कॉफीचं दुकान काढायचं. खाणीच्या चाळीतलं एक घर जसंच्या तसं ठेवायचं, लोकांना बघायला. बाकी चाळ भुईसपाट करायची, बघायला येणाऱ्यांच्या मोटारींसाठी.

एकच घर, आणि तेही ओकबुनचं. कारण तिच्याकडे सगळं होतं. नवऱ्याचं हेल्मेट, दिवा, जेवणाचा डबा, शेवटच्या पाळीचा फोटो, साठीचा फोटो, नातवाला मांडीवर घेतलेला फोटो. मालिमकडे काय होतं? तिचा नवरा एकतिसाव्या वर्षी पहाटेच्या पाळीला गेला आणि छत कोसळून आतच राहिला. पाच दिवस खणलं, मग त्या बोगद्याच्या तोंडाशी भिंत बांधली. साठीचा फोटो आणायचा कुठून?

चव्वेचाळीस वर्षं मालिमच्या पोटात हे दुखत होतं. दोन घरांत एकच भिंत. पलीकडे ओकबुनचा नवरा घोरायचा आणि अलीकडे मालिम छताकडे बघत पडायची. तीन वर्षांपूर्वी तोही गेला, पण अंथरुणात, पोराबाळांच्या गराड्यात. मालिमला त्याही मरणाचा हेवा वाटला होता.

"आजी, ते भाताचं पुन्हा सांगा ना," कचेरीतून आलेली सोजिन ओकबुनला म्हणाली. चाळीचा नकाशा तिच्या मांडीवर होता.

"डब्यात चारदा भात घालायचा नाही. चार म्हणजे मरण. तीनदा घाला, नाहीतर पाचदा."

"हे हिला मी शिकवलं," मालिम मध्येच म्हणाली. "लग्न होऊन आली तेव्हा भातसुद्धा करपवायची."

"हो हो, हिनंच शिकवलं," ओकबुन हसली. तिला राग म्हणून यायचाच नाही. ज्यांचं सगळं सुरळीत पार पडलं, त्यांना राग येईल कशाला?

सोजिनने खोक्यातून पांढऱ्या रबरी जोड्यांचा एक जोड काढला. जुन्या बाजारातून आणलेला होता. ओसरीखालच्या दगडी पायरीवर तिने तो नीट मांडला, तोंडं रस्त्याकडे करून.

"आजोबा खाणीतले बूट घालून कामावर गेलेत आणि घरातले जोडे इथे आहेत, असं दाखवायचंय. कसं दिसतंय?"

"छान दिसतंय," ओकबुन म्हणाली.

मालिमला हवी होती ती चूक सापडली. जिवाला गार वाटलं. गप्प बसावं, असं तिला वाटलं. राहू देत तसेच, बघू दे जगाला या बाईचं घर. पण त्या जोड्यांवरून तिची नजर हलेना.

"उलटे आहेत!" ती ओरडली.

सोजिन दचकली.

"माणूस खाली गेला की त्याच्या जोड्यांची तोंडं घराकडे करायची. म्हणजे तो घरी येतो. अशी रस्त्याकडे केलीस तर जातो."

सोजिनने ओकबुनकडे पाहिलं. ओकबुनने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, खरंच की! विसरूनच गेले मी. एकदा हे खाणीतून कायमचे सुटले, मग कोण लक्षात ठेवतंय?"

तिच्या मनात काही नव्हतं. म्हणूनच ते मालिमला जास्त लागलं. विसरायलासुद्धा नशीब लागतं.

"तुमच्या लक्षात कसं राहिलं, आजी?" सोजिनने विचारलं.

मालिमने नुसती मान शेजारी वळवली. सहा नंबरच्या, म्हणजे तिच्या घराच्या पायरीवर एक जोड होता. कडा तडकलेल्या, पण घासून स्वच्छ धुतलेला. तोंडं दाराकडे.

सोजिन अदबीने म्हणाली, "आजी, ते जोडे आम्हाला द्याल? बाजारातले नकोतच. आजोबांच्या नावाची पाटी लावू. इथेच, या पायरीवर ठेवू."

पाटीवर नवऱ्याचं नाव! क्षणभर मालिमचा चेहरा उजळला. असंच काहीतरी मिळावं म्हणून ती सकाळपासून इथे बसली होती. मग तिने पायरीकडे पाहिलं, आणि वर ओकबुनच्या दाराकडे.

"इथे? हिच्या दारात?" तिचा आवाज चढला. "काही अक्कल आहे का गं तुला? तो आला, तर हिच्याच घरात शिरेल की!"

ओकबुन खळखळून हसली. "शिरू दे. हाताला धरून तुझ्याकडे आणून सोडीन. मला काय करायचाय तुझा नवरा? एकाचं घोरणं ऐकलं, तेवढं पुरे झालं."

"कुठे आणून सोडशील?" मालिमने विचारलं.

ओकबुनचं हसू थांबलं. तिने सोजिनकडे पाहिलं, आणि सोजिनने मांडीवरच्या नकाशाकडे. सहा नंबरच्या जागी पांढऱ्या रेघांचा एक चौकोन होता. त्यात एक छोटीशी मोटार काढली होती, रस्त्याकडे तोंड केलेली.