सिंहाचा चौथा पंजा

हिवाळ्याच्या सुट्टीत मामाकडे पोचलो तर बॅगा टेकवायच्या आतच त्यानं आम्हाला शहराच्या जुन्या वेशीपाशी नेलं. तिथल्या दगडी सिंहाचा एक पंजा ट्रकच्या धडकेत तुटला होता आणि पाथरवटकाम करणाऱ्या मामीनं नवा घडवून बसवला होता. "हा बघा हिच्या हातचा!" मामानं पुढचा उजवा पंजा थोपटला. "बाकीच्या तिघांना आहे का अशी ऐट?" आम्ही माना डोलावल्या. "अहो, तो मूळचाच आहे," मामी शालीत हसू दाबत म्हणाली. "अगं, वर्षभर सगळ्यांना हाच दाखवतोय मी!" "म्हणूनच गप्प होते. घरच्या माणसालाही कळेना, म्हणजे काम फक्कड झालं." "मग तुझा कोणता?" "शोधा." मामानं चष्मा पुसून उरलेले पंजे चाचपले आणि हात टेकले. तेवढ्यात पर्यटक आले. मामानं छाती फुगवली. "चारांतला एक माझ्या बायकोनं घडवलाय. ओळखून दाखवा!"