उलटे विणलेले डॉन लोपे

आमच्या ब्रसेल्सला भिंतीवरचे पडदे पाठच्या बाजूने विणतात, म्हणून विणकरापुढचं चित्र मुद्दाम उलटं काढावं लागतं. या खेपेला चित्रकार नेमकं तेच विसरला, गाढव. बुर्गोसला डॉन लोपेंच्या हवेलीत मी पडदा टांगला आणि कपाळावर हात मारला. पडद्यातल्या डॉन लोपेंचा तलवारीचा व्रण डाव्या गालावर आला होता.

“योरिस, आमच्या ह्यांचा व्रण उजवीकडे आहे!” मेन्सियाबाई कडाडल्या. “तुम्हा फ्लेमिश लोकांना डावं-उजवं तरी कळतं का?”

“गाल उसवून पुन्हा विणून देतो, बाईसाहेब,” म्हणत मी लोकर आणायला गेलो.

परत आलो, तेव्हा डॉन लोपे पडद्यासमोर जेवायला बसले होते. डाव्या हातात सुरी धरून मटण कापत होते. व्रण डाव्या गालावर होता.

मेन्सियाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं.

तिथे व्रण आता उजवीकडे होता. माझी सुई हातातच राहिली.

“अरे, थांबलास का?” डॉन लोपे हसून म्हणाले. “ते तोंड उसवायचंय ना? उसव की.”